डोक्याकडे निघालेला हात

माझा डावा हात माझं ऐकत नाही. हे लिहितानासुद्धा मी त्याला मांडीखाली दाबून बसले आहे, म्हणजे बघा. उजवा गुणी आहे. तो कापड कापतो, भाकरी थापतो, आता पेन धरून बसलाय. डावाही तसा कामाचा, पण रिकामा झाला की निघाला. कानामागून वर, टाळूच्या जरा खाली, तिथे जाऊन बोटं केसांत शिरतात आणि शोधायला लागतात. जाड केस शोधतात. ज्याला थोडा पीळ आहे, जो बोटाला खरखरीत लागतो, तसला. सापडला की बोटाभोवती एक वेढा आणि एक झटका. लोकांना वाटतं दुखत असेल. नाही हो दुखत. दुखलं असतं तर ही खोड कधीच सुटली असती. उलट त्या झटक्यानंतर क्षणभर डोक्यात असं गार वाटतं की काय सांगू. आणि लगेच दुसरा हवा असतो.

लग्नाआधी हे नव्हतं एवढं नक्की. खामगावजवळच्या एका गावात मला दिलं. नवऱ्याचं स्टँडवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान, घरात सासूबाई, आणि नंतर झालेली आमची एकुलती एक मुलगी. मी घरीच ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावते. आता कुणी म्हणेल, तुला कमी काय होतं? काहीच नाही. कुणी मारत नव्हतं, कुणी उपाशी ठेवत नव्हतं. फक्त दुपारी दार लोटून घ्यायचं, ओट्यावर बसायचं नाही, सासूबाई पडल्यात म्हणून मशीन हळू चालवायची, मोबाइलवर माहेरी बोलायचं तर आवाज खाली ठेवायचा. कुठे निघालीस, कुणाचा फोन, एवढा वेळ का लागला. दिवसभर कुणीतरी विचारतंय आणि मी उत्तर देतेय. मशीनवर दोऱ्याची बॉबिन भरायला लावावी, ती घरघर फिरत असते, मी तिच्याकडे बघत असते, आणि तेवढ्यात हात वर गेलेला असतो. भरलेली बॉबिन काढायला वाकले की मांडीवर केस दिसायचे. ते गोळा करून चिंध्यांच्या पिशवीत टाकायचे, म्हणजे कुणाला कळायचं नाही.

बरीच वर्षं नाही कळलं. भांग दुसरीकडून पाडला, मग तिसरीकडून, मग पाडायला जागा उरेना तेव्हा स्कार्फ आला. शिवताना केस मध्ये येतात, हे कारण सगळ्यांना पटलं. सोडायचे प्रयत्न मी कमी केले नाहीत. डोक्याला एवढं तेल थापलं की केस बोटांतून निसटावेत. तर बोटं पदराला पुसून परत जायची. बोटांना चिकटपट्टी गुंडाळली, तर सुई धरता येईना. देवापुढे शपथ घेतली, ती संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकली नाही. स्वतःला आरशात शिव्या दिल्या. शिव्या देताना हात कुठे होता ते विचारू नका.

शेवटी फॉलचा दोरा आणायचा म्हणून खोटं सांगून खामगावला गेले आणि कातडीच्या डॉक्टरला डोकं दाखवलं. केस आपोआप गळतात, म्हटलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुम्ही ओढता का?" मला असा राग आला. मी काय वेडी वाटते यांना? पण तोंडातून "हो" गेलं आणि गेलं ते गेलंच. त्यांनी शेजारच्या खोलीत बसणाऱ्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई कसली, माझ्यापेक्षा लहान मुलगी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सोडू नका. नुसतं पाहा."

"काय पाहू?"

"हात निघाला की मनात म्हणायचं, निघाला. रागवायचं नाही, अडवायचं नाही. कुठून निघाला, कुठे पोचला, बोटं काय शोधताहेत, ते बघायचं. ओढावंसं वाटेल. तर ते वाटणं अंगात नेमकं कुठे आहे ते शोधा आणि त्याच्याजवळ थोडं थांबा. ते वाढेल, मग आपलं आपण उतरेल."

मी मनात म्हटलं, वा ग बाई. एवढं ऐकायला मी सासूला थाप मारून अर्धा दिवस घालवला. गोळी नाही, मलम नाही, म्हणे पाहा. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी चिडचिड करत होते आणि गाव आलं तेव्हा मुठीत तीन-चार केस होते. म्हणजे तिनं सांगितलेलं मला मुळीच जमणार नव्हतं, हे बसमध्येच ठरलं.

तरी केलं. दुसरं काही हातात नव्हतं म्हणून केलं. आधी आधी केस हातात आल्यावरच कळायचं की हात गेला होता. म्हणजे चोर घर लुटून गेल्यावर कडी लावण्यातला प्रकार. मग कधी तरी बोटं केसांत असताना कळलं. मग कानापाशी कळलं. आणि एक दिवस कोपर मशीनवरून उचललं जात असतानाच मला दिसलं, निघाला. मी ब्लाऊजची बाही शिवत होते, पाय पेडलवर तसाच थांबला. इतकी वर्षं हा हात माझ्या अंगाला आहे आणि त्याला निघताना मी पहिल्यांदा पाहत होते. खरं सांगते, भीती वाटली.

मग ते वाटणं शोधलं. मला वाटायचं तलफ बोटांत असते. बोटांत नव्हती. छातीच्या मधोमध, गळ्याच्या खाली, तिथे काहीतरी घट्ट आवळल्यासारखं व्हायचं आणि वाटायचं, आत्ता ओढला नाही तर आत काहीतरी फाटेल. बाईंनी सांगितलं होतं म्हणून एकदा बॉबिन भरताना थांबले. वाढलं, चांगलंच वाढलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि मग फाटलं काहीच नाही. बॉबिन भरून झाली होती, एवढंच. सगळ्या वेळी जमलं असं नाही. जमलं त्यापेक्षा जास्त वेळा हुकलं. पण हुकल्यावर स्वतःला शिव्या घालणं बंद झालं, आणि त्यानं फरक पडला. टाळूखालच्या चट्ट्यावर कांद्याचं रोप उगवावं तसे बारीक, ताठ केस आले. न्हाताना बोटं त्यावरून फिरवली की गुदगुल्या व्हायच्या. मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? ज्यांना बिघडलेलं माहीत नाही त्यांना सुधारलेलं काय सांगायचं.

आणि मग आमच्या भागात केस गळायची साथ आली.

तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आसपासच्या गावांत लोकांचे केस मुठीमुठीनं हातात यायला लागले. बायका, माणसं, लेकरं, कुणी सुटलं नाही. आज डोकं खाजतं, दोन-चार दिवसांत टक्कल. जिल्ह्याच्या ठिकाणाहून गाड्या आल्या, पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या, कॅमेरेवाले आले. कुणी म्हणे पाणी, कुणी म्हणे शाम्पू, कुणी म्हणे धान्य. लोक पाण्याचे जार विकत आणायला लागले. पाहुणे येईनासे झाले. आमच्या गावात अजून काही नव्हतं, पण सकाळी उठून जो तो आपले केस ओढून बघत होता. अख्खा गाव माझ्यासारखा झाला होता म्हणा ना. त्याचं मला हसू यायचं, आणि हसू आलं की लाजही वाटायची.

एका सकाळी नळावर कळशी भरायला वाकले आणि स्कार्फ सुटून पाण्यात पडला. मागे सासूबाई उभ्या होत्या. चट्टा अजून पुरता भरला नव्हता.

"अवं माय," त्या म्हणाल्या आणि मटकन पायरीवर बसल्या. "आपल्या घरात बी आलं वं."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्यांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्न झाल्यापासून त्यांनी कधी माझ्या डोक्यावर असा हात ठेवला नव्हता. "काऊन सांगतलं नाई पोरी? एकटीच सोसून राह्यली," असं म्हणाल्या, आणि मी तोंड मिटलं.

पुढचे दिवस मला महाराणीसारखे गेले. भांडी त्यांनी घासली. नवऱ्यानं पाण्याचा जार लावला, रात्री विचारलं, "खाजते का वं?" शेजारणी येऊन हळहळून गेल्या. एवढ्या वर्षांत मी दिवसभर काय करते हे कुणी विचारलं नव्हतं, आता डोकं कसं आहे म्हणून सगळे विचारत होते. मला आवडलं. लोकांच्या डोक्यावर खरं संकट आलेलं आणि मी त्यात फुकट बसून घेतलं, हे समजत होतं, तरी आवडलं. तपासणीची माणसं गल्लीत आली तेव्हा अंगात कसकस आहे म्हणून आत पांघरूण घेऊन पडून राहिले.

आणि पांघरुणात हात निघाला. मी त्याला पाहिलं नाही. पाहूच शकत नव्हते. बाईंनी शिकवलेलं सगळं एका गोष्टीवर उभं होतं, की आपण जे करतोय त्याच्याकडे सरळ बघायचं. आणि आता मला दिवसभर तिकडे पाठ फिरवूनच बसायचं होतं. बघितलं तर दिसणार, दिसलं तर सांगावं लागणार. मग हाताला रान मोकळं. आठवड्यात ते उगवलेलं रोप मी सगळं उपटून टाकलं. सासूबाईंना चट्टा वाढलेला दिसला, त्यांनी डोक्यावर कांद्याचा रस चोळला आणि रोग जोरात आहे म्हणाल्या. वास असा की माझी मलाच शिसारी यायची. बाहेर पडायचं नाही, माझी फणी वेगळी, उशी वेगळी, टॉवेल वेगळा. आधी त्या घरात मी नुसती अडकले होते. आता दार आतून मीच लावून घेतलं होतं.

त्यातली एक गोष्ट सोसवेना. मुलीच्या डोक्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. मुलगी सहावीत. तिचे केस कमरेपर्यंत, दाट, सासूबाईंच्या वळणाचे. रोज सकाळी ती माझ्यापुढे पाटावर बसायची, मी तिच्या दोन वेण्या घालायचे आणि तेवढ्या वेळात ती शाळेतलं सगळं सांगायची. आणि तेवढ्या वेळात, सांगते तुम्हाला, माझा डावा हात एकदाही कधी माझ्या डोक्याकडे गेला नव्हता. आता आजी तिच्या वेण्या घालायची आणि मी दारात उभी राहून बघायचे.

एका शनिवारी सासूबाईंना तिच्या फणीत केस दिसले. चार-दोन, सगळ्यांचे जातात तसे. त्यांचा चेहरा उतरला. "मायचं पोरीले लागलं," असं म्हणून त्यांनी संध्याकाळी माझ्या नवऱ्याला सांगितलं, "उद्या न्हाव्याले बलाव. पोट्टीचं डोक्शं सफा करून टाकू. गळून जाण्यापेक्षा आधीच काहाडले त मुळं मजबूत रायतेत." पलीकडच्या गल्लीत दोन घरांनी लेकरांचे केस असेच काढले होते. नवरा म्हणाला, "केसच त हायेत. परत येतीन." मुलगी रडत माझ्याकडे आली. तिला हात लावायचा नाही म्हणून मी उभीच राहिले.

"मम्मी, तू सांग ना आजीले. माह्ये नाई गळत. शाळंत सगळे चमनगोटा म्हणतीन मले."

मी म्हटलं, "सांगतो." आणि सांगितलं नाही. स्वयंपाकघरात गेले, कणीक मळायला घेतली, परत ठेवली. सांगितलं तर काय सांगणार? की इतके दिवस तुमच्याकडून सेवा करून घेतली ती फुकटची? की तुमची सून स्वतःच्या हातानं स्वतःला टकली करते? घरात वेडी म्हणतील, गावात म्हणतील, मुलीला वेडीची पोरगी म्हणतील. नाही सांगितलं तर तिचे केस जाणार. रात्रभर दोन्हीकडून भिंत लागत होती.

रविवारी सकाळी न्हावी आला. अंगणात पाट मांडला, वाटीत पाणी घेतलं, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. मुलगी आजीच्या पुढ्यात बसली, रडून रडून तिचा आवाज गेला होता. सासूबाईंनी तिच्या वेण्या सोडल्या. केस पाठीवर पसरले, पाटावरून खाली मातीत लोळले. न्हाव्यानं तिची मान वाकवली आणि ओला हात टाळूवर ठेवला.

"थांबा," मी म्हटलं. "आत्याबाई, मले बिमारी नाई. माह्याच हातानं उपटतो मी."

न्हाव्याचा हात टाळूवरच थांबला. मग सासूबाईंनी मान हलवली. "पोरीचे केस वाचवाले कायबी बोलून राह्यली. असं कोणी आपल्या हातानं उपटते का?"

"मी उपटतो. लय वर्साचं हाय."

"आत जाय," नवरा म्हणाला. "लोकायसमोर तमाशा करू नको."

न्हावी एकदा त्या दोघांकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मग सासूबाईंनी त्याला खूण केली, चालू दे. मला एकच सुचलं. स्कार्फ काढला, मुलीच्या समोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "पाहा."

गंमत अशी की हात निघेना. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला बोलावत होते आणि तो मांडीवर पडून. मी उचलला, कानामागून नेला, बोटं केसांत घातली. एक केस धरला, ओढला. दुखला. असा दुखला की डोळ्यांपुढे अंधारी आली. इतकी वर्षं कधी दुखला नव्हता. तो मी सासूबाईंपुढे धरला, मुळाशी पांढरा ठिपका असलेला. त्या नुसत्या बघत राहिल्या, म्हणून दुसरा काढला. तिसरा काढला. तिसरा दुखला नाही. मग बोटं आपली आपण पुढे सरकली, जाड केस शोधायला लागली, आणि छातीतलं ते आवळलेलं सैल व्हायला लागलं. अंगण, न्हावी, नवरा, सगळं कुठेतरी लांब गेलं. मी दाखवत होते ते कधी थांबलं आणि मी ओढत होते ते कधी सुरू झालं, मला माहीत नाही.

"मम्मी, बस ना," असं ऐकू आलं. परत ऐकू आलं. मग कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं. सासूबाई होत्या. माझ्या मांडीवर केसांचा पुंजका झाला होता. त्यांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि न्हाव्याला म्हणाल्या, "तू जाय बाबू." तो वाटीतलं पाणी तुळशीपाशी ओतून गेला. नवरा चप्पल घालून दुकानावर निघून गेला, रविवार असून. सासूबाईंनी माझं मनगट बराच वेळ सोडलं नाही. मी रडत होते तर रडू दिलं.

मुलीचे केस वाचले. ते वाचावेत म्हणूनच मी बसले होते, आणि ते वाचले.

सोमवारी सकाळी मी माझी फणी बाजूला ठेवली, तिची घेतली, पाट मांडला आणि तिला हाक मारली. ती गणवेश घालून आली. पाटाजवळ उभी राहिली, माझ्या डाव्या हाताकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मी आजीजवळून घालून घेतो."

आतून सासूबाई म्हणाल्या, "बस. माय हाय तुही."

ती बसली. खांदे वर ओढून, पाठ ताठ करून. मी भांग पाडला तशी तिनं आपला हात मागे आणला आणि केस मुळाशी मुठीत धरले, घट्ट, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत. सोड म्हणायचा मला धीर झाला नाही. शाळेची वेळ होत होती. मग मी तिच्या मुठीच्या खालून केस घेतले आणि तिथून वेणी घालायला सुरुवात केली.